दोन माणसांचा टप

४ जानेवारी, रविवार

ही वही मोजमापांसाठी काढली आहे. मनातलं वगैरे लिहायची मला सवय नाही.

टेबल : लांबी १६५ सेंटिमीटर, रुंदी १०७, उंची ९१. वजन ४३ किलो. (बाथरूमचा काटा एकेका पायाखाली ठेवला, बाकीच्या तीन पायांखाली तेवढ्याच जाडीचे ठोकळे, मग चारही आकड्यांची बेरीज.)

जीपचं मागचं दार : रुंदी ९८, उंची ८४. म्हणजे टेबल आत जात नाही. कागदावर आडवं, उभं, तिरकं, सगळं काढून पाहिलं. पाय सुटे होत नाहीत. एकही खिळा न मारता खाचेत खाच बसवून केलेलं काम आहे.

तेव्हा टेबल टपावरून न्यावं लागणार, आणि त्यासाठी टपाला कॅरियर लागणार.

जीपचा टप फायबरचा आहे. आठ बोल्ट काढले की अख्खा उचलून बाजूला ठेवता येतो. उचलायला दोन माणसं लागतात, एक उजवीकडून, एक डावीकडून. ही (म्हणजे माझी बायको) गेल्यापासून तो काढलेला नाही. आठ महिने झाले.

टेबल हिचं. चौदा वर्षं याच्यापुढे उभी राहून हिने लोकांचे कपडे बेतले. आमच्या धाकट्या मुलाने केलेलं. लहानपणी दिसेल त्यावर चढायचा म्हणून त्याला सगळे खारू म्हणतात. तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हिच्या कोपराची उंची मोजून त्याने टेबलाची उंची धरली. आता तो इथून सहा तासांवर डोंगरातल्या एका गावात लाकूडकाम करतो. सहा वर्षं आमचं बोलणं नाही.

जायच्या आदल्या आठवड्यात ही म्हणाली, "ते टेबल खारूला द्या. आणि अहो, ट्रकने पाठवू नका. तुम्ही स्वतः न्या." मी हो म्हणालो.

हे मोजमापांच्या वहीत कशाला लिहिलं कोण जाणे.


९ जानेवारी, शुक्रवार

कॅरियरच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण आहे, बोलण्यात चटपटीत. पहिलाच प्रश्न : "काका, टप काढता का कधी?"

"नाही," म्हणालो.

"मग प्रश्नच मिटला. टपाला भोकं पाडून पट्ट्या ठोकून टाकू. पुन्हा टप निघणार नाही, पण कॅरियर जन्मात हलणार नाही."

पुन्हा टप निघणार नाही हे ऐकून बरं वाटलं. का, ते सांगता येत नाही. लगेच हो म्हणणार होतो, पण सवयीने माहितीपत्रकातली बारीक अक्षरं वाचली. गाडी चालू असताना फायबरचा टप चाळीस किलो भार सहन करतो. टेबल त्रेचाळीस. तीन किलोंनी हुकलं.

दुसरा प्रकार : चार लोखंडी पायांचं कॅरियर. टपाला न टेकता गाडीच्या सांगाड्यावर उभं राहतं. एकशे वीस किलो पेलतं. पण टप काढायचा तर आधी अख्खं कॅरियर सोडवावं लागेल.

तिसरा : तसंच, पण बिजागरीवर उचलता येणारं. टप खालून काढता येतो. मागवावं लागेल.

घाई करण्यात अर्थ नाही. तिन्हींची पत्रकं घेऊन आलो.


१७ जानेवारी, शनिवार

ताईचा फोन. (ताई म्हणजे आमची थोरली.) मी तिन्ही कॅरियरमधला फरक समजावून सांगितला. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, एवढी चिकित्सा तुम्ही माझं स्थळ बघतानासुद्धा केली नव्हती."

मी म्हणालो, "तुझा नवरा त्रेचाळीस किलोचा नव्हता."

हसली. मग म्हणाली, "तुम्हाला कॅरियर हवंय, का उशीर हवाय?"

मला तिचा हा वकिली सूर आवडत नाही. मी फोन ठेवला नाही, पण हवापाण्यावर बोललो.

शेडची उंची मोजली. कॅरियर बसवल्यावर गाडी शेडमध्ये जाईल का, हे कुणीच विचारलं नव्हतं. जाईल, सहा सेंटिमीटर उरतात. मोजताना मधल्या तुळईला एक जाड लोखंडी हूक दिसला. चांगला घट्ट बसवलेला, खाली वॉशर लावून. मी कधी बसवला आठवेना. वय झालं म्हणायचं. वॉशर मात्र माझ्यासारखाच लावलाय.


१८ जानेवारी, रविवार

काल हुकाजवळ उभा होतो तेव्हा हिची एक गोष्ट आठवली, ती लिहून टाकतो. नोकरीत असताना मी वर्षातून एकदा चार-पाच दिवस बाहेरगावी तपासणीला जायचो. निवृत्तीनंतर एकदा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ताईकडे गेलो. दर वेळी परत आलो की हिचं नाक उन्हाने लाल झालेलं असायचं. विचारलं तर म्हणायची, "गच्चीवर बसले होते." एवढ्या उन्हात गच्चीवर काय करायची कुणास ठाऊक. मी टोपी आणून दिली होती. ती टोपी फार वापरलेली दिसते.


२७ जानेवारी, मंगळवार

तिसऱ्या प्रकारचा नमुना आला. बिजागरीत अर्ध्या मिलिमीटरची हालचाल आहे. नापास केला. दुकानदार म्हणाला, "काका, अर्ध्या मिलिमीटरने काय होतं?"

अर्ध्या मिलिमीटरने काय होतं हे मला विचारतोय! एकतीस वर्षं मी कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली. आमच्याकडे शतांशावर लॉट परत जायचे. माझ्या सहीशिवाय बाहेर एक पाचर जात नसे.

खारूचा लॉटसुद्धा गेला नाही.


२ फेब्रुवारी, सोमवार

ताईचा फोन. खारू तिला म्हणाला की बाबांना त्रास नको, मी पंधरा तारखेला टेम्पो पाठवतो, टेबल त्यात चढवून द्या.

मी म्हणालो, "याला त्रास कोण म्हणालं?"

ताई म्हणाली, "बाबा, नऊ महिने होत आले. त्याला वाटतंय की तुम्हाला यायचं नाही. टेम्पो आला की विषय संपला. मग तुम्ही जाणार आहात का कधी तिकडे? खरं सांगा."

 एवढं विचारून ती गप्प बसली. आईवर गेली आहे, गप्प बसून बोलायला लावते.

टेम्पो आला तर मी हिला दिलेला शब्द मोडला असं होईल. आणि खरं सांगायचं तर टेबल गेल्यावर मला तिथे जायला निमित्तच उरणार नाही. निमित्ताशिवाय जाण्याइतकं माझं तोंड नाही.

दुपारी दुकानात जाऊन दुसऱ्या प्रकारचं कॅरियर मागवलं. अकरा तारखेला येईल. मिस्त्रीला त्या दिवशी सकाळी नऊला बोलावलं आहे. चौदाला सकाळी निघायचं.


८ फेब्रुवारी, रविवार

कॅरियर यायला अजून तीन दिवस आहेत आणि मोजायला काही उरलेलं नाही. म्हणून हे लिहितो.

आमच्या कारखान्यात भोक तपासायला दोन टोकांचं गेज असतं, लोखंडी, बोटाएवढं. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. इतकी साधी गोष्ट. माझं गेज मी लाकडी पेटीत मखमलीवर ठेवायचो, कुणाला हात लावू द्यायचो नाही.

खारूला मीच कारखान्यात लावून घेतलं होतं. मशीनवर होता. एके दिवशी त्याचा चारशे नगांचा लॉट माझ्याकडे आला. जे टोक जायला नको ते सगळ्या भोकांत सरळ शिरत होतं. मी सगळ्यांसमोर लॉट परत केला. तो म्हणाला, "बाबा, भोकं बरोबर आहेत. तुमचं गेज तपासा." सगळ्यांसमोर. मी म्हणालो, "ज्याला हात चालवता येत नाही तो हत्याराला दोष देतो. घरी लाकडं तासत बस, इथे लोखंड आहे."

तो खरंच लाकडं तासायला निघून गेला. घरातून जाताना माझ्या पाया पडला नाही, आणि मी त्याला थांबवलं नाही.

पाच महिन्यांनी वार्षिक तपासणीला सगळी गेज बाहेर पाठवली. माझं परत आलं ते लाल चिठ्ठी लावून. झिजलेलं. जायला नको ते टोक चार शतांशाने बारीक झालं होतं, म्हणून चांगल्या भोकांतही शिरत होतं. कितीतरी महिने तसंच असणार. इतरांचे लॉट त्या काळात कमी नापास झाले, कारण त्यांचे मी दुसऱ्या गेजने पाहायचो. मुलाचा लॉट मात्र माझ्या खास गेजने पाहिला. कुणी म्हणू नये की बापाने सोडला.

गेज मोडीत टाकायचं असतं. मी खिशात घालून घरी आणलं आणि कपाटाच्या खणात, पायमोज्यांखाली ठेवलं. लाल चिठ्ठी अजून त्याला आहे. आजपर्यंत हे कुणालाही सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही.


११ फेब्रुवारी, बुधवार

मिस्त्री बरोबर नऊला आला. कॅरियरही आलं, भलंमोठं खोकं. मिस्त्रीने टेबल पाहिलं आणि म्हणाला, "पाय कापले असते तर आतच गेलं असतं साहेब. तिकडे जाऊन पुन्हा जोडता येतात."

मी इतक्या जोरात ओरडलो की तो दोन पावलं मागे सरला. मग मलाच लाज वाटली. चहा केला.

कॅरियरच्या मागच्या पायांचे बोल्ट टपाच्या कडेखाली येतात. म्हणजे बसवण्यापुरता टप काढावाच लागणार. पत्रकात होतं ते, मीच वाचलं नव्हतं. मी एवढं वाचून हे वाचलं नव्हतं!

आठ बोल्ट काढले. मी उजवीकडे उभा राहिलो, मिस्त्री डावीकडे. डावी बाजू हिची. ही नुसतं "हं" म्हणायची आणि आम्ही एकदम उचलायचो. मिस्त्री म्हणाला, "एक, दोन, तीन." मी तीनला उचललाच नाही. दुसऱ्यांदा जमलं.

टप दोन लाकडी घोड्यांवर उलटा ठेवला. मिस्त्री त्याच्या बाजूला वाकून म्हणाला, "साहेब, इथे हिशेब कसला लिहिलाय?"

डाव्या आतल्या कडेला पेन्सिलीने ओळी होत्या. टप उतरला की ही तिकडे काहीतरी खरडायची हे मला माहीत होतं. मला वाटायचं बोल्ट मोजून ठेवते. तिची बाजू म्हणून मी कधी बघायला गेलो नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं काम तपासलं आणि हे तपासलं नाही.

प्रत्येक ओळीत तारीख आणि पुढे कुणी टप उचलला ते. "अहो + मी." "अहो + मी." खाली खाली तसंच. एकूण एकतीस ओळी.

त्यातल्या चार वेगळ्या. "खारू + मी."

चारही तारखा मी बाहेरगावी असतानाच्या. शेवटची माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची, म्हणजे ही जाण्याआधी दोन महिन्यांची. तिच्यापुढे बारीक अक्षरात आणखी लिहिलंय : "मी नुसता हात लावला."

मिस्त्रीला मी उद्या ये म्हणून परत पाठवलं.


त्याच दिवशी, संध्याकाळी

आधी राग आला. माझ्या पाठीमागे, माझ्याच जीपमधून, माझ्याच घरात येऊन. ताईलाही माहीत असणार. सगळ्या घराला माहीत आणि मी तेवढा बाहेरचा.

मग मोजत बसलो. सहा वर्षांत चार दिवस. तेवढाच तिला मुलगा मिळाला, आणि तोही माझी बॅग भरून दिल्यावर. उघड्या गाडीतून त्याच्या शेजारी बसून कुठवर जात असतील? नाक लाल होईपर्यंत जात होती एवढं कळतं. मी तिला टोपी आणून दिली आणि स्वतःला मोठा काळजीवाहू समजत राहिलो.

रागाचं काय झालं माहीत नाही. लिहिताना रडू आलं. लिहून ठेवतो, कारण मोजमापांच्या वहीत खोटं लिहू नये.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

हूक त्याने बसवला. शेवटच्या वेळी हिच्या अंगात ताकद नव्हती, म्हणून हुकाला दोर घालून त्याने एकट्याने टप वर ओढला. आणि तिला म्हणाला असेल, आई, तू नुसता हात लाव.

वॉशर माझ्यासारखा लावला कारण मीच तसं शिकवलं होतं.

मिस्त्री आला आणि कॅरियरचं खोकं उघडायला लागला. उघड्या जीपकडे बघून थांबला. म्हणाला, "साहेब, एक सांगू? टप नसेल तर कॅरियर कशाला हवं? मागची सीट काढू. टेबल उलटं करून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ठेवू, पाय वर. सीटमागच्या पाईपाला बांधलं की हलणार नाही."

मी टेप घेतली. दोन भिंतींमधलं अंतर ९६. टेबल १०७. दोन्हीकडे साडेपाच-साडेपाच सेंटिमीटर टेकतं.

महिनाभर तीन कॅरियर तपासले, आणि हे मोजलं नाही. टप काढायचाच नाही असं धरून चाललो होतो.

मिस्त्री म्हणाला, "परत आलात की सांगा, टप चढवायला येतो."

मी म्हणालो, "बघू."

ताईला फोन करून सांगितलं, टेम्पो नको म्हणून कळव. मी येतोय. तिने एकही वकिली प्रश्न विचारला नाही.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

टेबलाला एक खण आहे, कात्र्या ठेवायचा. तो रिकामा केला. कपाटातून गेज काढलं आणि त्या खणात ठेवलं, लाल चिठ्ठीसकट. पुन्हा बाहेर काढलं. पुन्हा ठेवलं. तोंडाने सांगायला हवं हे कळतं, पण त्याच्यासमोर उभा राहिल्यावर माझं तोंड उघडेलच याची मी सही देऊ शकत नाही. वाटेत पडू नये म्हणून खणाला चिकटपट्टी लावली.


१५ फेब्रुवारी, रविवार. खारूच्या घरी

काल सकाळी सहाला निघालो. हिची टोपी घातली. रस्त्यात लोक बघत होते. म्हातारा, बायकी टोपी, मागे चार पाय आभाळाकडे केलेलं टेबल. एका सिग्नलला एकाने विचारलं, "आजोबा, बिऱ्हाड हलवलं का?" मी म्हणालो, "पोचवतोय."

शेवटचे बारा किलोमीटर दगडगोट्यांचा रस्ता. दर अर्ध्या तासाने उतरून दोर तपासला. पोचायला दोन वाजले.

तो कामाच्या शेडबाहेर उभा होता. केस पांढरे व्हायला लागलेत, चौतिसाव्या वर्षी. माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत होता.

"टप कुठाय?"

"घरी आहे."

"कुणी काढला?"

"मिस्त्रीने आणि मी."

 त्याने दोर सोडायला घेतला. माझ्या गाठी बघून म्हणाला, "एवढ्या?" आम्ही टेबल उचललं, मी एकीकडून, तो दुसरीकडून, आणि आत नेऊन खिडकीजवळ ठेवलं. त्याने फळीवरून हात फिरवला. कात्रीच्या खुणांवर थांबला. मग टेबल केलेल्या माणसाला खण अजून नीट सरकतो का बघावंसं वाटणारच. त्याने चिकटपट्टी काढली आणि खण ओढला.

मी दाराकडे बघत होतो. आवाज आला नाही म्हणून वळलो. लाल चिठ्ठी त्याच्या हातात होती. तिच्यावर तारीख असते.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुझी भोकं बरोबर होती. मला तू गेल्यावर पाच महिन्यांनी कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही."

तो म्हणाला, "मला माहीत होतं, बाबा."

"कसं?"

"आईला सापडलं होतं, तुमच्या पायमोज्यांखाली. पहिल्याच वर्षी. तिने मला दाखवलं. मी म्हणालो, आत्ता जाऊन विचारतो. तर म्हणाली, नको. ते स्वतः सांगतील, तेव्हाच त्याला अर्थ आहे. तोवर तू काही बोलायचं नाहीस. माझ्याकडून वचन घेतलं." खण त्याने हळूच बंद केला. "मला वाटलं नव्हतं इतकी वर्षं लागतील. तिलाही वाटलं नसणार."

मी खाली बसलो. बसायला तिथे लाकडाचा ओंडका होता. बापाने मुलासमोर कसं रडावं हे मला कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे जसं आलं तसं रडलो. तो जवळ आला नाही. चहा ठेवला. मग कप माझ्या हातात दिला आणि कप घट्ट धरेपर्यंत स्वतःचा हात काढला नाही.

आज सकाळी त्याने गेज त्या टेबलावरच ठेवलेलं दिसलं, खिडकीत. म्हणाला, फेकायचं नाही.


१ मार्च, रविवार

खारू काल आला. शेडमध्ये खोकं बघून म्हणाला, "हे काय?"

"कॅरियर."

"कशाला?"

 खोकं उद्या दुकानात परत जाईल, न उघडता. दुकानदार काय म्हणायचं ते म्हणो.

सकाळी टप चढवला. मिस्त्रीला बोलावलं नाही. खारू हुकाला दोर घालायला निघाला, मी नको म्हणालो. मी उजवीकडे राहिलो आणि तो काही न विचारता डावीकडे गेला. एक, दोन, तीन कुणी म्हटलं नाही. तो नुसतं "हं" म्हणाला आणि आम्ही उचलला.

ही टप उतरल्यावर लिहायची. आम्ही बोल्ट लावायच्या आधी लिहिलं. त्याने खिशातली सुताराची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. मी आत वाकून पहिल्यांदाच त्या बाजूला लिहिलं. तारीख, आणि पुढे : खारू + मी.

लिहून झाल्यावर पाहिलं. हिच्या चार ओळींसारखीच ओळ झाली होती, फक्त अक्षर माझं होतं.